सहावी सुरी

माझ्याकडे पाच सुऱ्या आहेत आणि पाचही एकाच नटाच्या. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच म्हणाल, 'अरे, तो खलनायक!' पडद्यावर ते माणसं कापायचे आणि सुट्टीत गावाला आले की बांगडे. तारकर्लीत त्यांचं घर आमच्या मागेच, मधे फक्त नारळाची बाग. सुऱ्यांचा त्यांना भारी शौक. ते गेले, मुलांनी घर विकलं आणि सामान मिळेल त्याच्या हाती गेलं. तेव्हापासून त्यांच्या सुऱ्या शोधून जमवायचं वेड मला लागलं.

एक सुरी त्यांचं घर राखणाऱ्या गड्याने दिली. दोन भंगारवाल्याच्या पोत्यातून काढल्या. एकीसाठी शिरोड्यापर्यंत जाऊन नारळ पाडणाऱ्या माणसाची मनधरणी केली. आणि एक ते आंबोलीच्या एका टपरीवर विसरून आले होते. टपरीवाला कित्येक वर्षं तिनेच भज्यांचा कांदा चिरत होता. ती आणायला मी एसटीने घाट चढून गेले, तेव्हा नवरा म्हणाला, "लोक देवदर्शनाक जातत, तू सुरी बघूक जातंस."

आमचं न्याहारी निवास आहे. जेवणघरात काचेचं कपाट करून पाचही सुऱ्या त्यात लावल्या. पाहुणे एक नजर टाकतात, 'अरे वा' म्हणतात आणि विचारतात, "ती मासे कापायची सुरी कुठे आहे हो, व्हिडिओतली?"

ती शेजारी असते. माझ्या थोरल्या जावेकडे.

आम्ही वेगळे झालो तेव्हा मूळ घर तिला गेलं, देव तिच्याकडे राहिले, आणि ते नट तर आधीपासून तिचेच होते. मे महिन्यात आले की जेवायला तिच्याकडे. मी तेव्हा नवी नवरी. मागे विहिरीपाशी बसून माशांचा ढीग साफ करायचा, सुरमईची कापं करायची, हे माझं काम. बांगड्याचं तिखलं तिचं, आत वाढायला ती, 'वा वा' ऐकायला ती. माझ्या वाट्याला खवले. त्यांना मी धडपणे समोरून पाहिलं असेल तर दोनदा. मला तिचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो.

ही सहावी सुरी त्यांनी स्वतःच्या हाताने तिला दिली, हे सगळ्या गावाला ठाऊक. लहानशी, शिसवी मुठीची, पातं झिजून अरुंद झालेलं. जाऊ तिने मासे कापते ते ठीक. पण दुधाची पिशवीसुद्धा तिनेच फोडते! गाढवाला गुळाची चव काय? गेल्या वर्षी पुण्याच्या कुठल्याशा मुलीने तिचा मासे कापतानाचा व्हिडिओ केला आणि तिच्या खानावळीपुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. माझ्या पाच सुऱ्यांसाठी मी चपला झिजवल्या, आणि नाव झालं तिचं.

सरळ मागता आली असती. पण तिच्यापुढे हात पसरायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. घरं वेगळी झाली तरी देव मूळ घरात, म्हणून दोन्ही घरची हत्यारं तिथेच जातात. कोयते, विळ्या, सुऱ्या, सगळं घासून एकाच पाटावर मांडायचं, हळदकुंकू आणि झेंडू वाहायचा. रात्रभर कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी ज्याने त्याने आपापलं उचलून न्यायचं. या वर्षी मी पाटापाशी गेले तेव्हा देवघरात कुणी नव्हतं. माझी रोजची सुरी तिच्या सुरीएवढीच. माझी तिथेच ठेवली, तिची उचलली. कुणी विचारलंच तर चुकून आली म्हणायचं, एवढं मनाशी ठरवलं होतं.

घरी येऊन ती कपाटात लावली. दिवसभर मी कपाटासमोरून येत-जात होते. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

दसऱ्याचं सोनं द्यायला धाकटीने थोरलीकडे जायचं असतं. मी गेले नाही. संध्याकाळी तीच आली. आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि कपाटाकडे बघत उभी राहिली.

"माझी सुरी हयसर इली म्हणायची."

"चुकान इली वयनी. सगळी एकत्र होती ना."

"आणि चुकान काचेत जावन बसली?"

आता ही गावभर करणार, म्हणून मी मनातून तयारी करत होते. तर ती खुर्चीवर बसली.

"ती माझी नायच गो. तेंनी ती तुझ्यासाठी दिल्यानी. म्हणाले, मागे बसान जी कापां करता, तिचो हात बरो आसा. तिका दी."

मी विचारलं, "मगे दिलंस कित्याक नाय?"

"पोटात दुखला माझ्या," ती म्हणाली. "इतक्या वर्सांत माझ्या हाताक तेंनी कधी बरो म्हणूक नाय. जेवण बरा म्हणाले, हात नाय. दर दसऱ्याक म्हणतंय, आज देतंय. आणि हात मागे येता."

तिने पिशवीतून माझी सुरी काढली. सुरी हातात द्यायची नसते, भांडण होतं. म्हणून टेबलावर ठेवली. "आता नेलंसच ना, रवांदे तुझ्याकडेच," म्हणाली आणि निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

सुरी माझीच होती. मागितली असती तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे. मी मागितली नाही, चोरली. पण सुरीचं मला तितकं वाटत नाही. माझ्याबद्दल ते जे बोलले, ते वीस वर्षं तिला माहीत होतं आणि मला नाही. मी विहिरीपाशी बसून तिच्यावर जळत होते, तेव्हा ती आत बसून माझ्यावर जळत होती, आणि हे तिला एकटीला माहीत होतं. याचासुद्धा मला हेवा वाटतो. हसाल तर हसा.

आता पाहुणे सहाव्या सुरीशी थांबतात. ही कशी मिळाली, विचारतात. खरं सांगायचं तर चोरी सांगावी लागेल, आणि त्यांनी मलाच दिली म्हणावं तर मधली वीस वर्षं कुठे लपवू?

"जावेने दिली," मी सांगते.

"केवढं मोठं मन त्यांचं!" ते म्हणतात, आणि मला मान डोलवावी लागते.