पाटकऱ्याला धरलं, नाला कोरडाच राहिला

अन्याय झाला तो पांझरेच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्यावर. झाला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, भर बंधाऱ्यावर. आणि केला मी. वर्दी मी वयाआधीच उतरवली, आता जंगलासाठी पत्रकं वाटत फिरतो. पण ती सकाळ काही पाठ सोडत नाही.

ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग पट्ट्यात, जातं आणि पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेतात सोडतो तो पाटकरी. सगळा कारभार त्याच्या शब्दावर. त्या वर्षी शेवटच्या फडातला गहू वाळायला लागला. लोक ठाण्यात आले. त्याच दिवशी एका ट्रॅक्टरवाल्याने खबर दिली की, पाटकरी भरदुपारी वरच्या बागाईतदाराला पाणी फोडून देतो, मी टेकडीवरून डोळ्यांनी पाहिलं.

मी लगेच जीप काढली. पाटकऱ्याला, सगळे त्यांना आबा म्हणत, अख्ख्या फडासमोर गाडीत बसवलं. लोकांनी तिथल्या तिथे ठरवलं, रविवारच्या बैठकीत नवा पाटकरी नेमायचा.

चौकशीत मी आवाज चढवला, टेबल आपटलं. ठाण्यात आणलेला माणूस आधी वकिलाचं नाहीतर घराचं विचारतो. आबांनी विचारलं, "आते पाटवर कोन शे?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाही कळलं. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "साहेब, माले धरात, ठीक शे. पन वरथीन पानीच ई नही राह्यनं. ते कोनले धरशात?"

मी हसलो. कारण वरचं जंगल मी स्वतः पाहिलं होतं. गाडीवाटेने गेलो होतो, दोन्ही बाजूंना झाडं दाट उभी. ठाणे डायरीत नोंदही केली, जंगल सुस्थितीत.

दुपारी एक मुलगी ठाण्यात आली. दोन वर्षं त्या टेकडीवर झाडांच्या छायेची आणि तिथून बंधाऱ्यात येणाऱ्या नाल्याच्या पाण्याची मोजणी करत होती. हातात तळव्याएवढा फुगीर आरसा, त्यावर चौकटी आखलेल्या. मी म्हणालो, ताई, इथे वेणीफणी करायला आलात का? ती म्हणाली, "साहेब, हा आडवा धरायचा आणि किती चौकटीत पान दिसतं, किती चौकटीत आभाळ, ते मोजायचं. तुम्ही वाटेवरून मोजलंत. चला, आत चला."

गेलो. वाटेवर आरसा हिरवागार. पन्नास पावलं आत शिरलो आणि आरशात नुसतं आभाळ. खाली बुंधेच बुंधे, वर फांद्या टाकून झाकलेले. ट्रॅक्टरच्या चाकांनी माती फरशीसारखी घट्ट झालेली. चोरांनी वाटेकडेची एक रांग तेवढी राखली होती, माझ्यासारख्यांसाठी.

तिची वही तिथेच उघडली. नाल्यातल्या पट्टीवरचा आकडा रोज सकाळी आबाच वाचून तिला सांगत. तोड झाल्यानंतरच्या पावसाळ्यात नाला पहिल्यापेक्षा जास्त भरून वाहिला. गाव खूश होतं. एकटे आबा म्हणत होते, पाणी गढूळ येतंय आणि संध्याकाळपर्यंत निघून जातंय, हे बरं लक्षण नाही. इथल्या मातीत मुरायचं पाणी पावसाळ्यातच वाहून गेलं होतं. पौषात द्यायला टेकडीकडे काही उरलंच नव्हतं.

मी खाली पाहिलं. त्या उघड्या जागेतून बंधारा स्वच्छ दिसत होता. वाटेवर परत आलो, झाडांआडून काहीच दिसेना. मग प्रश्न पडला. ट्रॅक्टरवाल्याने टेकडीवरून पाहिलं म्हणजे उभा कुठे होता तो?

त्याला बोलावलं. एवढंच म्हटलं, चल, जिथून पाहिलंस ती जागा दाखव. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. मग सगळं बोलला. लाकूड त्याच्याच ट्रॅक्टरने जात होतं. पाणी आटल्यावर लोक वर बघायला जातील म्हणून त्याने बोट आबांकडे दाखवलं. वनखात्याला बोलावून संयुक्त पंचनामा केला, या वेळी आत शिरून. लाकूड सापडलं, तोड करवणारा मालकही सापडला.

रविवारी मी फडाच्या बैठकीत उभा राहिलो आणि सांगितलं, चूक माझी. आबांनी मला बसायला जागा करून दिली. म्हणाले, "बस भाऊ. तू वर चढना, हाई खूप शे. बठ्ठा तठे खालीच भांडतस." बठ्ठा म्हणजे सगळे. पाटकरी तेच राहिले. गहू मात्र गेला. माफीने पाणी येत नाही.

मी त्या दोघांचा ऋणी आहे. आबांनी माझा अपमान करायची आयती संधी सोडून दिली. ती मुलगी कुणी न बोलावता ठाण्याची पायरी चढली. ती आली नसती तर एका सच्च्या माणसाचं नाव मी कायमचं बुडवलं असतं आणि बढतीही घेतली असती.

टेकड्या बोडक्या करणारे अजून वाटेकडेची रांग राखतात, आणि कागदावर जंगल उभं राहतं. तुम्ही तुमच्या गावच्या नाल्याच्या उगमापर्यंत या आठवड्यात चालत जा. वाट सोडून आत शिरा. बुंधे दिसले तर मोजा, लेखी तक्रार द्या, आणि पोच हातात पडेपर्यंत कचेरीतून उठू नका.