चुन्यातून वाचलेला मारुती

आमच्या अमरावतीत रिकामी भिंत दिसली की दोनच माणसांना चैन पडत नसे. एक, ज्याला लघवी लागली आहे तो. आणि दुसरा जानराव पेंटर.

मूळचा अकोल्याचा. सत्तावनच्या निवडणुकीत उमेदवारांची निशाणं रंगवायला इकडे आला आणि इथलाच झाला. विडीच्या जाहिराती, वलगावकडच्या लग्नघरांवरचे हत्ती-घोडे, सगळं त्याच्याच हातचं. त्याचा हत्ती डुकरासारखा दिसे आणि नवरदेव फौजदारासारखा. पण सही? बाप्पा! 'आर्टिस्ट जानराव, अकोला' ही अक्षरं हत्तीपेक्षा मोठी. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचा, "चित्र तुह्यं, नाव माह्यं. भांडून काहून राहिला?"

त्याचा खरा वैरी एकच, दिवाळीचा चुना. दसरा आटोपला की घरोघरी बादल्या निघत आणि याची वर्षभराची कला पांढरीफटक होऊन जाई. तेव्हा हा गावभर मयताला आल्यासारखा हिंडे. "एक तरी चित्र मांगं उरलं पाह्यजे ना गा," असं चहाच्या टपरीवर बसून आम्हाला ऐकवी. आम्ही हसायचो. हसणार नाही तर काय, त्याच्या हत्तीसाठी रडणार?

मग कमलाकांत वकिलांनी त्याला बोलावलं. त्यांच्या घराची मागची भिंत कचेरीच्या वाटेवर. येणारा-जाणारा तिथेच मोकळा होई. वकिलांनी 'सक्त मनाई' लिहून पाहिलं. लोक ते वाचत वाचतच उरकून घेत. "देव काढ एखादा," वकील म्हणाले. जानरावच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देवावर चुना कोण मारणार?

पुरुषभर उंचीचा मारुती काढला त्याने. खरं सांगतो, बरा जमला होता. हातातल्या डोंगरावर एकेक झाड वेगळं, शेपटीला ऐट, आणि डोळे असे की माणसाने धोतर सावरून पुढे जावं. पायाशी सही होतीच. भिंत कोरडी राहू लागली. जानराव रोज संध्याकाळी सायकल टेकवून समोर उभा राही.

दिवाळी आली. चुना मारणारा शेषराव कुंचा घेऊन भिंतीपाशी आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "हा देव होय का पैलवान? याले ना शेंदूर, ना हार. मारू का चुना?" जानराव पहाऱ्यालाच उभा होता. "थांब रे लेका!" म्हणत तो धावत सुटला, किराणा दुकानातून शेंदूर-तेल आणलं, मारुतीच्या कपाळाला बोट लावलं आणि नारळ फोडला. शेषरावने हात जोडले, बादली उचलली आणि गेला. चित्र वाचलं! त्या दिवशी जानरावने आम्हाला स्वतःच्या खर्चाने चहा पाजला. चमत्कार म्हणायचा तर हाच.

पण एकदा लागलेला शेंदूर थांबतो का? एका शनिवारी कुणी गदेला लावला, पुढच्या शनिवारी कुणी छातीला. परीक्षेची पोरं, तारखेला आलेले अशील, सगळे थापत सुटले. जानराव ओरडे, "पायाले लावा ना बाप्पा, तोंडाले लावू नोका!" पायाला लावला, तर सही गेली. मग झाडं गेली, मग डोळे. उरला नुसता शेंदरी गोळा. एकदा हा फडकं घेऊन पुसायला गेला, तर त्याचीच बायको पार्वताबाई कडाडली, "देवाले पुसून राहिले? हात झडतीन तुमचे!"

बासष्ट साली वकिलांनी वर पत्रे टाकले आणि पाटी रंगवायला जानरावलाच बोलावलं. मजकूर होता, 'स्वयंभू मारुती मंदिर'.

"स्वयंभू?" जानराव म्हणाला. "वकीलसाहेब, म्या काढला ना हा!"

"जानराव, असं चारचौघांत बोलू नये," वकील म्हणाले. "पाप लागतं."

जानराव आमच्याकडे पाहू लागला. आम्ही सगळ्यांनी ते चित्र डोळ्यांनी पाहिलेलं. पण देवाच्या दारात तोंड कोण उघडणार? शेवटी त्याने पाटी रंगवली. अक्षरं सुरेख आली. चपला काढून त्या गोळ्याला हात जोडले आणि सायकलवर बसून निघून गेला. पाटीखाली सही केली नाही. त्या दिवशी आम्हालाही हसू आलं नाही. प्रसादाचा शिरा मात्र आम्ही दोनदा घेतला.