चार फुटांच्या आत

आमचा मामा जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांना बसवून देतो आणि दिवसभर घाबरतो. मामीच्या मते दुसराच त्याचा खरा धंदा. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस,’ ती म्हणते, ‘आणि ह्यांच्यापाठी त्याचं अख्खं खानदान.’

पण भीतीला कारण आहे. अंधारातही फोटो काढणाऱ्या त्या जुन्या लेन्सची मागची काच चांगली जाडजूड, पार कॅमेऱ्याच्या पोटात शिरणारी. पोटात आरसा. बटण दाबलं की तो वर उडतो. काच वाटेत आली तर दोघांचाही चुरा. म्हणून मामा काचेच्या कडेला मातीची मोहरीएवढी गोळी चिकटवतो, लेन्स बसवतो, बटण दाबतो, काढून बघतो. गोळी चेपली? घे कानस, घास. पुन्हा गोळी.

परवा दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या वडिलांची लेन्स न्यायला आल्या. वडील गेले, ही एवढी लेन्स उरली. दुपारी लेकीचं नाटक, आणि ते आजोबांच्याच लेन्समधून टिपायचं होतं. बाई समोर बसल्या की मामाचं तोंड आपोआप उघडतं.

‘अहो, झालं का? एवढ्या वेळात मी अक्कलदाढ काढते.’

‘हो हो, म्हणजे, होतंय, म्हणजे, झालंच!’

बाई लेन्स घेऊन गेल्या. मामाने चहाचा कप उचलला आणि तो तोंडाजवळच थांबला. चेहरा पांढराफटक.

‘अगं,’ तो मामीला म्हणाला, ‘गोळी लावून बघितलं तेव्हा लेन्सची रिंग जवळच्यावर होती. तुझ्या चष्म्यावर. चार फुटांवर.’

‘माझ्या चष्म्याने काय घोडं मारलंय?’

‘लांबचं बघायला रिंग फिरवली की लेन्स आत सरकते गं! आरशाकडे!’

फोन लागेना. मामा उलटसुलट चपलांत धावत सुटला, मी मागे. वाटभर एकच जप: ‘फुटली असेल. बापाची एवढी एकच वस्तू. फुटली असेल.’

हॉलमध्ये काळोख. बाई रंगमंचाच्या अगदी कडेला उभ्या. मामा ओणवा होऊन रांगांमधून घुसला.

‘अहो, पाय!’

‘सॉरी, सॉरी, काच आहे, काच!’

बाईंच्या शेजारी पोचला आणि त्याने त्यांची बाही ओढली. ‘लांबचे... काढलेत?’

‘अजून नाही. आता लेक मागच्या त्या खोट्या टेकडीवर चढेल ना, तो काढते.’ बोटं रिंगवर गेलीसुद्धा.

मामाने झडप घालून रिंगच धरली.

‘हे काय?’

थाप मारायला जागा होती. मामाला थाप मारायचीही भीती वाटते. ‘चाचणी चुकली. माझी. चार फुटांपलीकडे फिरवलीत तर काच फुटेल. कदाचित. माहीत नाही, तेच तर!’

बाईंनी त्याच्याकडे किडक्या दाताकडे बघावं तसं बघितलं. लेक टेकडीवर चढली, हात पसरले, उतरली. फोटो नाही.

‘चार फुटांच्या आत चालेल?’

‘च-चालेल.’

‘मग धरून ठेवा. सोडलीत तर बघा.’

लेक शेवटच्या गाण्याला अगदी कडेशी, आईच्या नाकासमोर आली. बाई बटण दाबत होत्या, मामा दोन बोटांनी रिंग आवळून शेजारी. खट. मामा आकसला. खट. आणखी आकसला. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, हाच तो काच फुटल्याचा आवाज.

पडदा पडला तरी बोटं सुटेनात. बाईंनी ती एकेक करून सोडवली.

‘लेन्स उद्या दुकानात आणते,’ त्या म्हणाल्या. ‘बोटांची बधिरता तासाभरात जाईल. तोवर काही चावू नका.’