बघूताईंचा धूमकेतू

आपल्याकडे कुणी ‘बघू’ म्हणालं की ते काम होत नाही. तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा बरं, म्हणून सगळे ‘बघू’ म्हणतात. चाकणच्या आमच्या कंपनीत मात्र एक बाई होत्या, त्या ‘बघू’ म्हणायच्या आणि खरोखरच बघायच्या. हातातलं काम बाजूला ठेवून, चष्मा पुसून, टॉर्च लावून बघायच्या. त्यांचं नाव शोभा. पण गेटवरच्या सिक्युरिटीपासून कँटीनपर्यंत सगळे त्यांना बघूताई म्हणत. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. आम्हाला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, “चिडायचं काय त्यात? माझं कामच ते आहे.”

आम्ही गाड्यांच्या ब्रेकला लागणारे ब्रॅकेट बनवायचो. मी लाइनवर सुपरवायझर आणि त्या इन्स्पेक्शनला. माल वेळेत गेटबाहेर काढणं हे माझं काम, आणि खराब माल गेटच्या आत थांबवणं हे त्यांचं. त्यामुळे आमचं जमण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा महिन्याच्या शेवटच्या दिवशी ट्रक भरायला उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी कागद त्यांच्यापुढे धरून म्हणालो, “ताई, सही तेवढी करा.” त्या म्हणाल्या, “बघू.” पाऊण तास त्या एकेक पीस दिव्याखाली फिरवत राहिल्या. दोन पिसांवर केसाएवढी चीर निघाली. सगळा लॉट थांबला. ट्रक रिकामा गेला आणि वरच्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. तो माल गेला असता तर काही झालं असतं का, हे आजही कुणी सांगू शकणार नाही. मी तेव्हा त्यांना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, “ते मलापण माहीत नाही, साहेब. चीर आहे एवढंच माहीत आहे.” मला त्या ‘साहेब’ म्हणायच्या, ते अर्धं चिडवण्यासाठी.

आमची बस एकच होती. मी निगडीला चढायचो, त्या भोसरीला. भोसरीपर्यंत त्या दिघीहून कधी शेअर रिक्षाने, कधी चालत यायच्या. फोन वाजला की आधी ‘जय भीम’ आणि मग मुद्द्याचं बोलणं, तेही चार वाक्यांत. त्यांचे वडील औशाकडून पिंपरीत येऊन कंपनीत लागले होते. पण त्यांच्या बोलण्यात मराठवाडा फक्त रागावल्यावर डोकावायचा. बसमध्ये बहुतेक लोक झोपतात. बघूताई जाताना झोपायच्या, येताना कधीच नाही. येताना त्या काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत बसायच्या. मोशीच्या चौकात बस अर्धा अर्धा तास अडकायची तेव्हाही त्यांचं बघणं चालूच असायचं. मला वाटायचं, घरच्या कटकटीचा विचार करत असतील. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “ढगांचा अंदाज घेते. आज संध्याकाळी दुर्बीण काढायची का नाही, ते ठरवायचंय.”

दुर्बीण त्यांनी स्वतः केली होती, हे कळायला मला अजून एक वर्ष लागलं. निगडीत एका शाळेत रविवारी दुर्बिणी बनवायला शिकवत होते. काचेवर काच घासून आरसा करायचा, मध्ये पाणी आणि बारीक पूड. बाकीचे लोक आकाशाच्या ओढीने आलेले. बघूताई गेल्या त्या वेगळ्याच कारणाने. आपल्या कंपनीतल्या माप घ्यायच्या एकाही गेजला सापडणार नाही इतका बारीक खळगा त्या आरशावर नुसत्या दिव्याच्या सावलीत दिसतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून बघायला गेल्या. तीन महिने रविवारी काच घासत राहिल्या, आणि आरसा झाल्यावर त्यातून बघायला काहीतरी हवं म्हणून वर बघितलं. नळी त्यांच्या मिस्टरांनी कुठल्याशा साइटवरून आणलेल्या पाइपची केली. ते वायरमन होते. बायकोच्या या छंदाबद्दल त्यांचं मत एवढंच, “पाइप चांगला होता.”

घरामागे दोन पत्र्यांएवढं अंगण आणि त्यापलीकडे कुंपण घातलेली मिलिटरीची जागा. दिघीत सगळीकडे इमारती उठल्या, पण तिथे उठणार नव्हत्या, त्यामुळे पश्चिम बाजू मोकळी. त्या अंगणात दुर्बीण ठेवायची आणि शेजारी स्टुलावर दोनशे पानी वही. वहीत तारीख, वेळ, आकाश कसं होतं आणि काय दिसलं. मी ती चाळली आहे. निम्म्याहून अधिक पानांवर लिहिलंय, ‘ढग. दिसलं नाही.’ मी विचारलं, हे कशाला लिहायचं? त्या जरा तुटकपणे म्हणाल्या, “म्हणजे? त्या दिवशी मी बघितलं होतं की!”

मग त्या वर्षी दसऱ्यानंतर धूमकेतू आला. पाऊस लांबला होता, आकाश नुकतंच उघडत होतं. मोबाइलवर फोटोंचा पूर आला. डोंगरावर धूमकेतू, देवळावर धूमकेतू, लांबलचक पांढरी शेपूट. कँटीनमध्ये जो तो म्हणायचा, मी बघितला, आमच्या टेरेसवरून काय मस्त दिसला राव! बघूताई निमूटपणे डबा खात होत्या. मी म्हणालो, “तुम्ही तर केव्हाच बघितला असेल.” त्या म्हणाल्या, “दोन दिवस झाले, शोधते आहे. नाही सापडला. खाली क्षितिजापाशी धूर फार असतो. उद्या या वहिनींना घेऊन. सूर्य मावळला की जेमतेम पाऊण तास मिळतो.”

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून मी आणि बायको स्कूटरवर दिघीला गेलो. अंगणात आधीच गर्दी. गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी निरोप टाकला होता की शोभाताईंकडे धूमकेतू दाखवणार आहेत. पंधरा-वीस माणसं, त्यांत म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. सूर्य गेला, आकाश तांबूस झालं, आणि कुंपणाच्या वर एक लखलखीत ठिपका उमटला. “तो बघा! आला!” कुणीतरी ओरडलं. सगळे मोबाइल एकदम वर झाले. एका बाईंनी हात जोडले. मंडळाचा अध्यक्ष तर फोनवर कुणाला तरी सांगायलाही लागला.

“तो शुक्र आहे,” बघूताई म्हणाल्या.

गलका एवढा होता की कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत, जरा मोठ्याने सांगितलं, “धूमकेतू नाही हा. शुक्राचा तारा आहे. दोन महिने रोज इथंच दिसतो. धूमकेतू अजून दिसायचाय.”

अध्यक्ष हसत म्हणाला, “ताई, आता आम्ही स्टेटसला टाकला. राहू द्या ना.”

शेजारच्या आजी मूळच्या दिघीच्याच. त्यांनी बघूताईंचा हात धरला आणि हळू आवाजात समजावलं, “आगं, ह्योच हाय म्हन की. मान्सं खूश हायेत. काय बिघडतंय तुजं?”

“आजी, नाही तो. मी हो कसं म्हणू?”

“लई ताठ बाई तू,” आजी म्हणाल्या आणि हात सोडला.

दहा मिनिटं लोक थांबले. बघूताई दुर्बीण इंच इंच सरकवत होत्या, डोळा लावत होत्या, परत सरकवत होत्या. पुढे येऊन विचारणाऱ्यांना त्या ‘अजून नाही’ एवढंच सांगत होत्या. मग माणसं पांगली. जाताना कुणीतरी म्हणालं, “हिला येतच नाही लावता.” ते त्यांनी ऐकलं, मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांनी दुर्बीण आणखी इंचभर सरकवली.

अंधार पुरेसा झाल्यावर त्यांचा हात थांबला. बराच वेळ डोळा हलवला नाही. मग बाजूला होत म्हणाल्या, “बघा.”

मी डोळा लावला. राखाडी गोल, त्यात चार-दोन तारे. बाकी काहीच नाही. पण बाई तीन दिवस शोधत होत्या, लोक टाकून बोलून गेले होते, आणि मला त्यांचं मन मोडवेना. मी म्हणालो, “वा! दिसला! काय सुंदर आहे!”

“शेपूट कुठल्या बाजूला आहे?”

“वर,” मी बेधडक सांगितलं. फोटोत तशीच होती.

त्या माझ्याजवळ सरकल्या. मग माझ्या बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “फोटोत वर असते. माझ्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. परत बघा. सरळ नका बघू, नजर जरा बाजूला ठेवा.”

कान तापले होते माझे. मी परत वाकलो. नजर कडेच्या ताऱ्यावर ठेवली, आणि मधोमध काहीतरी उमटलं. फळा पुसल्यावर खडूचा फिका पट्टा राहतो तसं. एका टोकाला जरा दाट, खालच्या अंगाला विरत गेलेलं. सरळ बघितलं की नाहीसं व्हायचं. फोटोतल्या धूमकेतूशी त्याचा काही संबंध लावता आला नसता. पण ते तिथे होतं. मी म्हणालो, “खाली जाते आहे शेपूट.”

“आता दिसला,” त्या म्हणाल्या. माझ्या बायकोने बघितला, मिस्टरांनी बघितला. आजींना त्या स्वतः जाऊन घेऊन आल्या. आजींना काही दिसलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. बघूताईंनी वहीत वेळ लिहून चार नावं घातली आणि पुढे लिहिलं, ‘आजींना दिसला नाही.’

त्यानंतर मी त्यांच्याशी कमी भांडू लागलो. बसमध्ये शेजारी बसायचो. ‘साहेब’चं ‘भाऊ’ कधी झालं ते कळलंही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला कंपनीत ऑडिट आलं. ज्यांना आम्ही माल द्यायचो त्यांची माणसं सहा महिन्यांचे तपासणीचे रिपोर्ट बघणार होती. त्यांतल्या तीन आठवड्यांत आमचं माप घ्यायचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. माल गेला होता, रिपोर्ट नव्हते. मॅनेजरने बघूताईंना केबिनमध्ये बोलावलं. आकडे टाका आणि सही करा, एवढंच काम. त्या म्हणाल्या, “मशीन बंद होतं. मी मोजलंच नाही. मोजलंच नाही ते लिहू कसं?”

मॅनेजरने मला आत घेतलं. माझ्या बढतीचं पत्र त्याच आठवड्यात निघायचं होतं, आणि ते त्याच्याच टेबलावर होतं. त्याने विचारलं, “त्या आठवड्यांत मापं घेतली होती ना? हातानं का होईना?”

बघूताई समोरच उभ्या होत्या. मी म्हणालो, “हो सर. घेतली होती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, आणि खाली मान घालून बाहेर गेल्या. रिपोर्टवर दुसऱ्याच कुणीतरी सही केली. ऑडिट बिनबोभाट पार पडलं. बघूताईंना पॅकिंगला टाकलं, खोके मोजायला. तेही त्या नीट मोजायच्या. बसमध्ये मी पुढे बसायला लागलो. पावसाळा सुरू होता होता त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी टॉर्च पुसून कपाटात ठेवला, चावी स्टोअरला दिली आणि भोसरीला उतरून गेल्या.

मला बढती मिळाली. केबिनही मिळाली. त्या भोसरीतल्याच एका लहान वर्कशॉपमध्ये लागल्याचं कळलं. दिघीला जाईन जाईन म्हणत मी सहा महिने काढले. शेवटी एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, बायकोला सांगून निघालो. तिला सगळं माहीत होतं.

त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मला बघून आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. मी उभ्याउभ्याच बोललो, रस्ताभर जुळवलेलं सगळं एका दमात. बढतीचं, मॅनेजरचं, माझ्या भित्रेपणाचं. शेवटी म्हणालो, “ताई, माझं चुकलं.”

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या हो, नोकरीत असं चालायचंच. सगळे तसंच म्हणतात. त्यांनी हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला.

“हो, चुकलं,” त्या म्हणाल्या. “बसा. चहा टाकते.”

चहा झाला. वहिनी कशा आहेत, बसचा मार्ग बदलला का, मोशीचा पूल कुठवर आला, असं बोलणं झालं. गल्लीच्या तोंडापर्यंत त्या सोडायला आल्या. परत या म्हणाल्या नाहीत, येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत.

घरी आलो तर बायको दारातच होती.

“काय म्हणाल्या?”

“चुकलं म्हणाल्या.”

“मग?”

“मग चहा दिला.”