अपमानानं पेटलेली माणसं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? मलाच माहीत नाही.

गंगापूर रोडवरच्या एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इतिहास शिकवते. मॅडम फार सरळ आहेत, असं मुलांना वाटतं. वाटू दे.

सुवर्णा सटाण्याची, माझी रूममेट. मुख्य परीक्षेचा अभ्यास आम्ही बरोबर करायचो. तिला वडिलांनी बजावलं होतं — हा शेवटचा प्रयत्न, नाहीतर लग्न. आणि ती हुशार होती. माझ्यापेक्षा. बघा, हे लिहितानाही हात अडतो. सत्तावनच्या उठावाची कारणं मी पाठ करायची — राजकीय, आर्थिक, धार्मिक. ती चहा गाळता गाळता म्हणायची, "काडतुसं नुसतं निमित्त गं. लोकं अपमानानं पेटले." मग एकेक पुरावा असा पुढे ठेवायची की खोडून काढणं अवघड. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आमच्या सरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं — तुझी उत्तरं सपाट आहेत, पहिल्याच परिच्छेदात ठाम म्हणणं मांड, मग पुरावे दे. हे मी सुवर्णाला सांगितलं नाही. पेपर तोंडावर आला तेव्हा तिनंच विचारलं, "उत्तरात माझं म्हणणं लिहू का गं? चालतं का?"

"अजिबात नको. मार्क कापतात. दोन्हीकडचे मुद्दे लिही, शेवटी 'अशा प्रकारे' म्हण आणि सोडून दे."

तिनं ऐकलं. ती इतिहासातच मागे पडली. निवड माझीही झाली नाही — मग मिळवलं काय मी? तिचं लग्न झालं, मी क्लासला लागले. नंतर सांगता आलं नसतं? आलं असतं. रोज आलं असतं.

यंदा तिनं तिची भाची माझ्याकडे पाठवली. विश्वासानं. पोरीचं पहिलंच उत्तर वाचलं — इकडचे मुद्दे, तिकडचे मुद्दे, म्हणणं कुठेच नाही. असं लिहायला कुणी शिकवलं, मी विचारलं.

"आत्यानं. ती म्हणते, मत मांडलं का मार्क कापतात."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? पण वर्ग बघत होता. मी हसले. म्हणाले, "आत्याचं ऐकू नकोस. तिला यातलं काही कळत नाही."

सगळा वर्ग हसला. पोरगी ओशाळून हसली आणि "हो मॅडम" म्हणाली.