बॅटरीला पाणी

माझ्या वडिलांचं रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ बॅटरीचं दुकान. ट्रॉलरच्या, टेम्पोच्या, रिक्षांच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, त्यांना पाणी घालायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांचा एकही शर्ट धड नव्हता. अ‍ॅसिडने सगळ्यांची चाळण केलेली. कुणी खलाशी बॅटरीत विहिरीचं पाणी ओतून आला की ते खवळायचे, "काय रे, तिच्यात भात शिजवायचा हाय?" बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच लागतं आणि ते वेळेवर लागतं, हे मला बाराखडीच्या आधी कळलं असावं.

लग्न होऊन मी लोट्याला आले. नवरा कंपनीत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. लाईट सारखी जायची म्हणून वडिलांनी इन्व्हर्टर बसवून दिला आणि त्याच्या बॅटरीला पाणी घालायला तेच येऊ लागले. रत्नागिरीहून एसटीने, पिशवीत पाण्याचा कॅन घेऊन. "लोट्यात काय डिस्टिल्ड वॉटर मिळत नाही?" असं नवरा एकदा म्हणाला. मी त्याच्याकडे असं काही बघितलं की पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

आमच्याकडे रीत होती. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मला मूल झालं नाही. बाकीच्यांनी ही रीत कधीच गुंडाळून ठेवली, माझ्या वडिलांनी नाही. कामाशिवाय ते माझ्याकडे येतच नसत. मी तांब्या पुढे केला की हसायचे. "मी पाणी पियाला नाय, पाजायला आलोय." मग बॅटरीपुढे बसून एकेक बूच काढायचे आणि तिच्याशी बोलत बोलत पाणी ओतायचे. काम झालं की हाक यायची, "बाय, पाणी आण." म्हणजे बालदी, प्लास्टिकचा मग आणि चिमूटभर खायचा सोडा, अ‍ॅसिडचे हात धुवायला. माझ्या घरचं पाणी त्यांना लागायचं ते एवढंच. खरं सांगते, मला त्या बॅटरीचा हेवा वाटायचा.

पुढे त्यांचे गुडघे गेले. दुकानातही बिनपाण्याच्या, बंद तोंडाच्या बॅटऱ्या आल्या. ट्रॉलरवाले त्याच मागायला लागले. लाटेत कलंडली तरी सांडायची भीती नाही. एक दिवस वडील टेम्पोतून तसलीच एक घेऊन माझ्याकडे आले. स्वतः बसवली, फडक्याने पुसली. चांगला माल आला की पहिला लेकीला, हा त्यांचा खाक्या.

"हिला बूचच नाय," ते म्हणाले. "आता तुला कसली फिकीर नाय."

हात धुवायलाही काही उरलं नव्हतं. ते उठले आणि गेले.

बॅटरी मोठी गुणाची निघाली. लाईट जाते, पंखा फिरत राहतो. कधी कुरकुर नाही, कधी काही मागणं नाही. आंब्याची पेटी यायची, सुके बांगडे यायचे, फक्त वडील यायचे नाहीत. फोनवर म्हटलं, "या ना," की उत्तर ठरलेलं, "कामाशिवाय कशाला?" घरात पंखा गरगरायचा आणि मला वाटायचं, पड ना बाई एकदा बंद. चांगल्या वस्तूचा इतका राग मला कधी आला नव्हता. मला माझे वडील हवे होते.

शेवटी गेल्या महिन्यात मी फोन केला. "बाबा, बॅटरी बिघडलीय. आवाज करते."

"कसला आवाज?"

बॅटरीवाल्याची मुलगी असून मला एक आवाज सुचेना. "रडल्यासारखा," मी म्हणाले.

ते म्हणाले, "येतो."

आले. काठी टेकत, एसटीनेच. पिशवीतून मीटर काढून बॅटरीला लावला, काटा बघितला, पुन्हा पिशवीत ठेवला. बॅटरीत काही बिघडलेलं नव्हतं, हे ते रत्नागिरीतच ओळखून आले असणार. मी खाली मान घालून उभी राहिले.

मग भिंतीला टेकून बसत त्यांनी हाक मारली, "बाय, पाणी आण."

मी सवयीने बालदी, मग आणि सोडा घेऊन आले.

"हे नको," ते म्हणाले. "तांब्या आण."