बिराप्पाचं तीन इंची पाणी

बिराप्पाला कुणी "कसं काय चाललंय?" विचारलं, तरी तो आधी आपल्या बोअरचं पाणी सांगायचा. "तीन इंची हाय." जतच्या पूर्वेकडच्या त्या गावात पाणी इंचातच सांगतात. पाइपातून जेवढी जाड धार पडते, तेवढा माणूस मोठा. बिराप्पाची धार तीन इंची होती, हे खरं. फक्त ती चहाला उकळी येईपर्यंतच टिकायची. मग मोटर हवा ओढायला लागायची आणि पाइप खोकत बसायचा. म्हणून पाहुणे यायचे असले की हा शहाणा आधीपासूनच मोटर बंद ठेवायचा. खाली पाणी साठायचं आणि पाहुण्यांपुढे पाइप भरून वाहायचा. तोवर त्याच्या बायकोची, हरणाबाईची मेंढरं पाण्याच्या कोरड्या डोणीपुढे ओरडत उभी असायची.

हरणाबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, आष्ट्याकडच्या उसाच्या रानांत पाल ठोकायचं आणि बांधाबांधावर शिव्या खायच्या. बोअर लागली तेव्हा बिराप्पाने छाती फुगवून सांगितलं होतं, "आता वणवण संपली." संपली होती खरी, पण ती गावच्या तळ्यामुळे. उन्हाळ्याआधी उपसा योजनेचं पाणी तळ्यात सोडत, त्यावर मेंढरं तगत. याने मात्र सगळं श्रेय बोअरला दिलं आणि लोकांना दिसावा म्हणून वाटेलगत ऊस लावला. त्या माळावर ऊस! हरणाबाईला त्या उसाची इतकी चीड होती, की रानात भाकरी खातानाही ती त्याच्याकडे पाठ करून बसायची.

यंदा सांगलीहून उत्कर्षा नावाची मुलगी आली. शेतीसाठी जमिनीखालचं पाणी किती उपसलं जातं, ते ती गावोगाव मोजत होती. ते आकडे संगणकात घालून कुठल्या गावाखाली किती पाणी आहे याचा अंदाज निघणार होता, आणि जिथे कमी तिथलं तळं आधी भरणार होतं. हे तिने देवळात बसून नीट समजावलं. मोटरी रोजच्यासारख्या चालू ठेवा, असंही बजावलं. बाप्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन मोटरी बंद केल्या. एकट्या बिराप्पानेच नव्हे, सगळ्यांनी. शेजारच्या जोतीरामचं अडीच इंची दिसलं आणि आपलं दीडच, तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

"आवं, मोटर चालू करा," हरणाबाई म्हणाली. "पानी मोजाय येनार हायती, सोयरीक जमवाय न्हाई."

"गप बस. गावात माझं नाक कापतीस व्हय?"

उत्कर्षा आल्यावरच बिराप्पाने मोटर सुरू केली. तिने पाइपाखाली पिंप लावलं. ते बघता बघता भरलं. तिने वेळ टिपली आणि चहालाही न थांबता ती पुढच्या बोअरकडे गेली. जरा थांबली असती तर पाइप खोकलाच असता, पण तिलाही सगळ्या बोअरी उरकायच्या होत्या. संगणकाने दिलं ते गिळलं. गावाखाली पाणीच पाणी आहे, असं त्याने सांगितलं, आणि तळं भरायचं ठरलं ते शेजारच्या गावाचं.

गावसभेत आरडाओरडा झाला. उत्कर्षा ओशाळून म्हणाली, "माझं मोजण्यात चुकलंय असं वाटतं. बोअर दिवसभर चालवून पुन्हा मोजते, तळी भरायची यादी बदलता येईल. पण मालकाने हो म्हणायला हवं. कोण तयार आहे?"

मघाशी आभाळ डोक्यावर घेणारे सगळे आता एकमेकांच्या मागे सरकले.

हरणाबाई उठली. "आमची मोजा. च्या उकळंस्तवर बी पानी टिकत न्हाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बिराप्पा ताडकन उभा राहिला. "बोअर माझ्या नावावर हाय. तीन इंची हाय म्हंजी हाय! पुन्यांदा मोजायचं कारन न्हाई."

"आमची बी अडीच इंची हाय," जोतीराम लगेच म्हणाला. मग एकेकाने आपापले इंच सांभाळले आणि सगळे ताठ मानेने घरी गेले.

तळ्याच्या तळाला भेगा पडल्या तेव्हा हरणाबाईने माळ्यावरचं जुनं पाल खाली काढलं. या वयात पुन्हा परक्याच्या बांधावर झोपायचं, म्हणून तिला रडू आलं. आणि असल्या माणसापायी आपण रडतो याचा त्याहून जास्त संताप आला. आपली मेंढरं घेऊन पुढे गेलेल्या भावाला वाटेत गाठायचं ठरवून तिने घोड्यावर बिऱ्हाड लादलं. बिराप्पा उंबऱ्यात उभा होता.

"घागरी भरून ठिवल्यास न्हवं?" त्याने विचारलं.

"तुमच्या तीन इंचीतनं घ्या की भरून."

ती निघाली. मागे मोटर सुरू झाली. मेंढरं वाटेलगतच्या उसाशी पोचेपर्यंत पाइप खोकायलाही लागला. मेंढरं थबकली, मग एकेक करून उसात शिरली. हरणाबाईने त्यांना हटकलं नाही. त्यांची पोटं भरेपर्यंत ती बांधावर बसून राहिली, या खेपेला उसाकडे तोंड करून.